ठण् आणि तेहतीस

"ठण्!"

मोठ्या बाबांनी बाभळीचा दांडुका पुढच्या चाकावर हाणला आणि मान वाकडी करून कान दिला. जसं काही चाक आता त्यांच्याशी दोन शब्द बोलणारच आहे.

"हवा वाजली?" मी ओट्यावरून विचारलं.

"वाजली."

दुसरं चाक. ठण्! "वाजली?" "वाजली." मग तिसरं, चौथं. मग डिकी उघडून स्टेपनीलाही एक फटका, कारण मोठ्या बाबांचं म्हणणं, ज्याची वेळ कधीतरीच येते त्याची चौकशी आधी करावी. दांडुका सीटखाली गेला, स्टिअरिंगला नमस्कार झाला, आणि घरातून मोठ्या आईचा आवाज आला, "झाली का आरती? का आता गाडीले प्रसादबी वाटता?"

सातवीत असताना माझा प्रत्येक रविवार असा सुरू व्हायचा.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, पुंडलिकराव गावंडे. सगळं आयुष्य एसटीच्या ड्रायव्हर सीटवर गेलं. एकदाही अपघात नाही, म्हणून मिळालेला बिल्ला मोठ्या आईनं फ्रेम करून देवघराशेजारी लावला होता, आणि देवाला वाहिलेलं फूल कधीकधी चुकून त्यालाही मिळायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली. आमच्या परतवाड्याहून अमरावतीला दर रविवारी मला आर्चरीच्या सरावाला तेच न्यायचे. माझ्या बाबांचं बियाण्यांचं दुकान, रविवारीच गिऱ्हाइकांची झुंबड. म्हणजे मोठे बाबा नाहीत तर सराव नाही, इतकं सरळ गणित.

आणि तेव्हाची मी? आज आमच्या शाळेत कुणालाही विचारा, समीक्षा गावंडे गप्प बसते का म्हणून. बाई हसत सुटतील. पण तेव्हा मी बोलायचेच नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात खाली. पाहुणे आले की मी पडद्यामागे. धनुष्य हातात आलं तेव्हाच काय ते मला ताठ उभं राहता यायचं, कारण तिथं बोलावं लागत नाही. बाण बोलतो.

आता त्या गाडीबद्दल खरं सांगते. ती धावायची कमी आणि उड्या मारायची जास्त. रस्त्यात साधा खडा आला तरी आम्ही टुणकन वर. मोठी आई बरोबर आली की तिच्या मांडीवर चिवड्याचा स्टीलचा डबा असायचा, आणि अमरावती येईपर्यंत त्याचं झाकण निदान दोनदा तरी उघडून अर्धा चिवडा तिच्या पदरात सांडलेला असायचा.

"तुमची एसटी बरी होती," ती म्हणायची.

"एसटीत कोठी बसली तू? बत्तीस वर्सं मी गाडी चालवली, अन् तू माहेरी गेली तं बैलगाडीनं."

"तुमच्या भरवशावर राहिली असती तं पोचलीच नसती."

हवा भरायला मोठे बाबा पेट्रोल पंपावर जात नसत. बायपासवर ट्रकच्या टायरांचं एक दुकान होतं, तिथं जायचे. दुकानदार नळी लावायचा आणि मोठे बाबा दांडुका घेऊन उभे. ठोकायचे, ऐकायचे. "भर... भर अजून... भद्द वाजून रायली, भर." आणि ठण् वाजलं की हात वर करून, "बस!" दुकानदार 'ड्रायव्हरसाहेब' म्हणून मान द्यायचा. तो काय बोलणार? बसची चाकं ज्या कानानं आयुष्यभर पारखली, त्या कानाला कोण विचारणार?

मग तो पोळा आला.

मोठ्या बाबांचा मुलगा मंगेशदादा पुण्याला नोकरीला. पोळ्याला आला, महालक्ष्म्यांपर्यंतची सुट्टी घेऊन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, त्यानंच टूम काढली की चिखलदऱ्याला जाऊ, सगळं हिरवंगार झालं असेल. आम्ही चौघं निघालो. पुढं मंगेशदादा, मागं मी आणि मोठी आई, मध्ये डबा.

जाताना मजा आली. येताना भुरभुर पाऊस होता, रस्ता नुसता ओला चकचकीत. वाटेत मोथा गाव लागतं, त्या मोथ्याच्या घाटात एक वळण आहे, डावीकडं दरी आणि कडेला दगडी कठडा. मोठ्या बाबांनी वेग कमीच ठेवला होता, मी शपथेवर सांगते. त्यांनी हलकेच ब्रेक दाबला, आणि गाडी वळलीच नाही. स्टिअरिंग वळलं, गाडी सरळ घसरत राहिली. साबणाची वडी न्हाणीघरात घसरते तशी. कुणी ओरडलं नाही, तेवढा वेळच नव्हता. कठड्याच्या वीतभर अलीकडं गाडी थांबली. डब्याचं झाकण खाली घरंगळत होतं, तेवढाच आवाज.

मोठी आई म्हणाली, "गजानना."

मोठे बाबा स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडं बघत होते. मला मागून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते.

"बाबा, सरका. मी चालवतो," मंगेशदादा म्हणाला. आणि तो पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदाच मोठे बाबा त्याचं ऐकून बाजूला सरकले.

घरी आल्यावर मंगेशदादा वाईट बोलला नाही. तो वाईट नाहीच मुळी. घाबरला होता. "बाबा, वय होतं माणसाचं. हाताची ती पकड राहत नाही. मी तिकडं पुण्यात, रात्रंदिवस घोर लागून राहील मला. गाडी काढून टाकू. चांदूरबाजारचे एक गुरुजी विचारत होते, त्यांना रविवारी बोलावतो."

मला वाटलं आता मोठे बाबा गरजतील. ते म्हणाले, "बलाव." आणि गाडीची किल्ली नेऊन त्या बिल्ल्याच्या फ्रेमच्या खिळ्याला अडकवली.

त्या दिवसापासून दांडुका वाजला नाही. मोठे बाबा सकाळी उठून ओट्यावर बसायचे, हात पुढं धरून बोटं उघडायचे, मिटायचे. चहाचा कप उचलताना दोन्ही हात लावायला लागले. मला सरावाचं रडू येत होतं, खोटं कशाला बोलू, जिल्ह्याची निवड महिन्यावर आली होती. पण कपाला लावलेले ते दोन हात पाहिले की माझं रडू माझं मलाच बारकं वाटायचं.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. मोठ्या आईनं मला बादली आणि फडकं दिलं. "जाय, धुऊन काढ गाडी. घेनाऱ्यानं नावं नाही ठेवली पायजे."

मी बाहेरून धुतली, मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. दार उघडलं की बाजूच्या खांबावर, अगदी नजरेसमोर, मोठ्या बाबांनी गजानन महाराजांचं स्टिकर लावलेलं होतं. गाडीत बसण्याआधी दर्शन, ही त्यांची सोय. त्या स्टिकरचा कोपरा ओल्या फडक्यानं सुटला. मी तो दाबून बसवायला गेले, तर खाली आणखी एक स्टिकर दिसलं. गाडीच्या कंपनीचं. अर्ध्या चाकाचं चित्र आणि त्याच्या शेजारी एक ३, पुढचं महाराजांच्या खाली.

आता महाराजांना कसं काढायचं? मी आधी नमस्कार केला. मग पाण्याचा हात लावत लावत, नखानं अगदी हळू, स्टिकर अख्खं सोडवलं आणि समोरच्या काचेखाली नीट चिकटवलं. म्हटलं, महाराज, जागा बदलली, राग मानू नका, इथून रस्ता चांगला दिसेल.

खालच्या स्टिकरवर लिहिलं होतं की पुढच्या चाकात हवा तेहतीस, मागच्या चाकात तेहतीस. डिकी भरून सामान आणि माणसं असतील तर मागं थोडी जास्त. बस.

मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. तेहतीस म्हणजे जास्त की कमी, मला काही कळत नव्हतं. पण मला आठवल्या ठोंबरे मॅडम, आमच्या कोच. मी नवीन असताना एकदा हौसेनं एका मोठ्या मुलाचं धनुष्य उचललं होतं. जिवाच्या आकांतानं ओढलं, आणि बाण गेला थेट कंपाउंडच्या भिंतीवर. मॅडम म्हणाल्या होत्या, "अगं बाई, धनुष्य चांगलं आहे, तूही चांगली आहेस. पण हा ताण त्याच्या हाताचा आहे, तुझ्या नाही. जास्त ताण म्हणजे जास्त नेम असं नसतं."

चौकात रफिकचाचांचं पंक्चरचं दुकान आहे. मी सायकल काढली.

"चाचा, हवा मोजायचं मीटर द्या ना जरा."

"सायकल को मीटर? अरे अंगठा दाबून पाह्य ना, बेटा."

"सायकल नाही, मोठ्या बाबांची गाडी."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही गाडी विकायचं कळलं होतं, आमच्या गल्लीत कुणाची शिंक लपत नाही. त्यांनी पेनासारखं मीटर काढून दिलं, कसं दाबायचं ते दाखवलं आणि म्हणाले, "अपने मन से हवा मत छोडना, पहिले त्यायले विचार."

मी अंगणात चाकापाशी उकिडवी बसले. मीटर दाबलं. आतली पट्टी सटकन बाहेर आली आणि पन्नासला जाऊन टेकली. मला वाटलं माझं चुकलं. पुन्हा दाबलं. पन्नास. दुसरं चाक, पन्नासच्या जरा वर.

म्हणजे ठण् वाजेपर्यंत भरायचं तर एवढी भरावी लागते! बसचं चाक केवढं, त्यातली हवा केवढी, ते वाजणारच. पण ह्या एवढ्याशा चाकाला बससारखं वाजवायचं म्हणून मोठ्या बाबांनी ते दगडासारखं करून टाकलं होतं. दगड रस्ता धरेल कसा?

आता तुम्ही म्हणाल, मग धावत जाऊन सांगितलं असेल. अहो, मी तासभर गाडीमागं बसून राहिले! सांगणार कोण? मी? आणि कुणाला? ज्यांचा बिल्ला देवघराशेजारी आहे त्यांना? सातवीतली पोरगी जाऊन म्हणणार की तुमचं ऐकणं चुकलं? मी घरात गेले, पाणी प्यायले, परत बाहेर आले. पुन्हा आत गेले. मोठी आई म्हणाली, "काय व, मांजरीवानी काऊन घिरट्या घालून रायली?"

तेवढ्यात ओट्यावर मोठ्या बाबांनी कप उचलला. दोन्ही हातांनी.

"मोठे बाबा," मी म्हणाले, आणि माझाच आवाज ऐकून दचकले, इतका मोठा निघाला तो. "गाडीत हवा जास्त आहे."

"काय?"

"गाडीत लिहिलंय तेहतीस. आपली पन्नास आहे. म्हणून ती उड्या मारते. म्हणूनच घसरली."

त्यांनी कप खाली ठेवला. "पोट्टे, तू मले हवा शिकवतं? तुह्या बापाले शाळेत सोडाले मी बस घेऊन जात होतो."

पण तोंड उघडलं होतं आणि आता ते बंदच होईना. "बसला बरोबर असेल! तुमचा कान बसचा आहे, मोठे बाबा. ही बस नाहीये. मी त्या मुलाचं धनुष्य ओढलं होतं ना, भिंतीवर बाण गेला, तुम्हीच हसला होतात. धनुष्य वाईट नव्हतं आणि माझा हातपण वाईट नव्हता. ताण दुसऱ्याचा होता."

मला वाटलं, झालं, आता आईपर्यंत तक्रार जाणार. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला, उलटा केला, सुलटा केला.

"म्हंजे," ते हळू म्हणाले, "हात नाही बिघडला माहा?"

मी नुसती मान हलवली. नाही बिघडला.

ते उठले. गाडीपाशी गेले, दार उघडलं, खांबावरचं स्टिकर वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. "महाराजाच्या मांगंच लपून होतं व हे," म्हणाले. मग रफिकचाचांच्या मीटरकडं बघून नाक मुरडलं. "हे सायकलवाल्याचं खेळणं. पंपावर मशीन आहे, तेथी चाल."

मंगेशदादा त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता. मोठ्या बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढली. आम्ही गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर गेलो, भर दुपारी, बायपासनं लांबचा फेरा घेऊन, कारण त्यांना गल्लीतल्या लोकांसमोरून जायचं नव्हतं. पंपावरच्या मशिनवर मी अगदी ऐटीत सांगितलं, "चारही चाकं तेहतीस." फुस्स करून हवा निघाली. परत येताना गाडी अशी काही मऊ चालली की मोठे बाबा स्वतःशीच म्हणाले, "आं?"

मला वाटलं संपलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दांडुक्याच्या आवाजानं जाग आली. पण हा ठण् नव्हता. भद्द! भद्द!

मी धावत बाहेर. मोठे बाबा चाकापाशी कान देऊन उभे. "समे, हे कमी आहे."

"कमी कशी असेल? मशिनवर तेहतीस होती! आता ठण् नाही वाजणार मोठे बाबा, ती सवय सोडा..."

"ठण् नाही म्हनून रायलो मी. आयक." त्यांनी माझा हात धरून चाकावर ठेवला आणि बाजूला ठोकलं. "लेचंपेचं आहे. मोज तुह्या खेळण्यानं."

मोजलं. एकोणतीस.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. चोरली की काय कुणी हवा? मोठे बाबा मात्र हसायला लागले. पोळ्यानंतर पहिल्यांदा हसले.

"काल कधी मोजली आपन? दुपारी, भर उन्हाची, लांबून चालून गेल्यावर. चाक तापलं का आतली हवा फुगते. तुही मशीन फुगलेली हवा मोजून रायली होती. आता चाक थंड झालं, हवा बसली. डेपोत आम्ही पाह्यटे ठोकत होतो, गाडी जागची हालाच्या आधी. चालून आलेल्या गाडीले कोणी दांडुका लावला का मेकॅनिक वरडे, पयले थंडी होऊ दे."

"म्हणजे आकडा स्टिकरचा, पण वेळ..."

"वेळ डेपोची," ते म्हणाले.

रफिकचाचा पायपंप घेऊन आले आणि तिथंच अंगणात, थंड चाकांत, आम्ही तिघांनी मिळून तेहतीस केली. प्रत्येक वेळी मोठे बाबा ठोकायचे, डोळे मिटून ऐकायचे. ठण् नाही, भद्द नाही. मधलाच एक आवाज. "असा का हा," ते पुटपुटायचे, जसं काही नव्या सुनेचं नाव पाठ करताहेत.

रविवारी गुरुजी दुपारी येणार होते. सकाळी मोठे बाबा अंघोळ करून, जुना खाकी शर्ट घालून बाहेर आले. "मंग्या, चाल. मोथ्याचा घाट."

"बाबा, काय हे! नको."

"इकाची तं इकाची आहे. पन घाबरून नाही इकत मी. एकडाव पाहू दे."

"मी नाही बसणार त्या गाडीत आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही."

मंगेशदादा दारात आडवा उभा. मोठ्या बाबांची बोटं पुन्हा मिटायला लागली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मोठी आई स्वयंपाकघरातून आली. लुगडं बदललेलं, हातात चिवड्याचा डबा. ती दादाच्या हाताखालून वाकून निघून गेली, गाडीचं दार उघडलं आणि ह्या वेळी मागं नाही, पुढच्या सीटवर बसली.

"बत्तीस वर्सं ह्या मानसानं लोकायची मानसं घरी पोचवली," ती आतून म्हणाली. "मले कायले भेव? तुले याचं तं ये, नाही तं दार सोड."

दादा काय करतो? आला मागं, माझ्या शेजारी.

गाडी निघण्याआधी मोठ्या बाबांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. त्यांना काय हवंय ते मला कळलं.

"वाजली?" मी विचारलं.

"वाजली."

सकाळीच सर येऊन गेली होती, घाट पुन्हा ओला. वर जाऊन आम्ही गाडी वळवली आणि उतरायला लागलो. ते वळण जवळ आलं तसा दादानं समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. मोठ्या बाबांनी वेग उतरवला, वळायला घेतलं, आणि वळणाच्या पलीकडून म्हशी आल्या. मोथ्याच्या गवळ्यांच्या, सगळा रस्ता भरून, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या.

मोठ्या बाबांनी ब्रेक दाबला. मी डोळे मिटणार होते, नाही मिटले.

गाडी थांबली. घसरली नाही, तिरकी झाली नाही. नुसती थांबली, जिथं सांगितलं तिथं. पुढची म्हैस काचेपाशी आली, तिनं आत बसलेल्या चौघांना निवांत पाहून घेतलं आणि शेपूट हलवत निघून गेली.

मग मोठ्या आईनं मांडीवरच्या डब्याकडं बोट दाखवलं. झाकण जागच्या जागी होतं.

म्हशी गेल्यावर मोठ्या बाबांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि त्याच कठड्यावर जाऊन बसले. आम्हीही उतरलो. मंगेशदादा काहीतरी माफीचं बोलायला लागला, तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

मला आतून धाकधूक होती. ते आता काहीही सांगू शकले असते. म्हणाले असते की टायर बदलले, की त्या दिवशी रस्ता खराब होता. दादानं मान्यही केलं असतं. मला काही वाटलं नसतं, खरंच. गाडी राहिली असती, सराव राहिला असता, बस की.

पण ते म्हणाले, "मंग्या, चूक माहीच होती. हात नाही चुकला, कान चुकला. बसचा कान मी ह्या गाडीले लावला. घरात इतके लोक, एकालेबी समजलं नाही, मलेबी नाही. हे समीनं काढलं. अन् मले येऊन सांगतलं, माह्या तोंडावर." मग माझ्याकडं वळून, "भ्याली होतीस का व?"

"हो," मी म्हणाले.

"तरी सांगतलं," ते दादाला म्हणाले, जसा काही त्यानंच प्रश्न विचारला होता.

घरी आलो तर चांदूरबाजारचे गुरुजी पेढे घेऊन ओट्यावर हजर. मोठ्या बाबांनी त्यांना चहा पाजला, गाडी विकायची नाही म्हणून हात जोडले, आणि वर त्यांना अंगणात नेऊन दार उघडून ते स्टिकर दाखवलं. "गाडी कोठूनबी घ्या गुरुजी, पन पयले दार उघडून हे वाचा. आमच्या पोरीनं शिकवलं." त्या दिवसापासून हे त्यांनी किती जणांना सांगितलं त्याला गणतीच नाही. टायरच्या दुकानात सांगितलं. पार एसटी स्टँडवर, जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या बाकावर बसून सांगितलं, आणि ते सगळे फिदीफिदी हसले तेव्हा स्वतःही हसत बसले. मी लाजून लाजून मेले.

पण पुढच्या आठवड्यात वर्गात बाईंनी काहीतरी विचारलं आणि माझा हात वर गेला. मी तो वर नेला नव्हता, तो आपोआप गेला. उत्तर चुकलं, ते सोडा. जिल्ह्याच्या निवडीत मी तिसरी आले, तेही सोडा. मी आता दहावीत आहे, परवा स्नेहसंमेलनात माईकवरून मला खाली उतरवायला दोन बाई लागल्या. लोक विचारतात, हिला एवढं बोलायला कुणी शिकवलं? मी ठोंबरे मॅडमचं नाव सांगते, आईचं सांगते, आणि ते खरंच आहे. पण मनात त्या कठड्यावर बसलेला एक खाकी शर्ट असतो. ज्या माणसाकडं गप्प राहायची सगळी सोय होती, त्यानं मोठ्यानं सांगितलं, समीनं काढलं. एवढंच त्यांनी दिलं, आणि ते मला आजवर पुरतंय.

आजही रविवारी मी पाठीवर धनुष्य अडकवून ओट्यावर येते. गाडी जागची हललेली नसते, चाकं थंडगार. आता आमची आरती जरा बदलली आहे. मोठे बाबा दांडुका मारतात, डोळे मिटून ऐकतात, आणि मीटर माझ्या हातात असतं. पट्टी मी मुठीत झाकून धरते. आधी त्यांनी सांगायचं, मग मी मूठ उघडायची.

गेल्या रविवारी त्यांनी पुढचं चाक ठोकलं. ठण् नाही, भद्द नाही.

"बत्तीस," ते म्हणाले. मग जरा थांबले, मान आणखी वाकडी केली, पुन्हा एकदा हलकेच ठोकलं. "नाही. तेहतीस."

मी मूठ उघडली.

"वाजली," मी म्हणाले.